रस्त्याला दिलेली खोली

आमच्या घरात लाल रेघ मारायला पालिकेची दोन माणसं आली, तेव्हा मी पुढच्या खोलीत ज्वारीतले खडे काढत बसले होते. एकानं बाहेर ओट्याच्या कडेला टेपचं टोक धरलं. दुसरा चपला न काढता आत आला, माझ्या सुपाला वळसा घालून भिंतीशी गेला आणि म्हणाला, “बारा.” बाहेरच्यानं ते वहीत लिहून घेतलं. मग आतल्यानं खोलीच्या दोन्ही भिंतींवर, फरशीपासून छतापर्यंत, लाल रंगाची एकेक उभी रेघ ओढली. रंग पातळ होता, त्याचे ओघळ फरशीवर आले.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“मार्किंग,” तो म्हणाला. नागरिकाला माहिती देण्याचं काम झालं होतं, म्हणून तो पुढच्या घराकडे गेला.

रेघ पाहिली तर ओटा सगळा आणि पुढची खोली दोन फूट सोडून सगळी, असं बारा फूट आता रस्त्याचं झालं होतं. याच खोलीत माझ्या सासऱ्यांची खाट असे. नव्या हिशेबाप्रमाणे ते रस्त्यात झोपत होते, पाय तेवढे घरात येत होते.

गाव धुळे जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथल्या कचेरीत कुणाला तरी वाईट वाटेल, आणि त्या कचेरीत वाईट वाटून घ्यायलाही कुणाला सवड नसते, हे मी स्वतः पाहिलंय. नवरा रोज बसनं धुळ्याला, देवपूरमधल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायला जायचा. घरी सासू-सासरे आणि मी. लॉकडाऊनच्या दोनेक वर्षं आधीची ही गोष्ट.

तीन दिवसांनी नोटीस आली. रस्ता रुंद होणार आहे, बाधित भाग तीस दिवसांच्या आत आपणच काढून घ्यावा, न काढल्यास पालिका काढेल आणि त्याचा खर्च आपल्याकडून घेईल, असा मजकूर होता. आमच्या बाजूच्या अकराही घरांना तीच नोटीस. फक्त वरचं नाव वेगळं, आणि एका घरात तेही वेगळं नव्हतं, कारण शेजारच्याचीच दोनदा आली होती.

मी माहेरी फोन केला. माहेर मुक्ताईनगरकडचं, केळीवाल्यांचं. माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणतो. सरकारशी आबांचं भांडण कधीच नव्हतं. त्यांची फक्त एक पद्धत होती. वादळाचा इशारा आला की ते केळीला टेकू लावायचे नाहीत आणि इशारा नसला की लावायचे. बहुतेक वेळा आपलंच खरं निघालं, असं ते सांगत. चुकलेल्या वेळा ते सांगत नसत. या बाबतीत आबांचं आणि सरकारचं सारखंच होतं.

आबा फोनवर म्हणाले, “तुह्या सासऱ्याले सांग, नोटीस घडी करून गादीखाली ठेवा. दहा वर्षांनी काढून पाहा.”

हा निरोप मी सासऱ्यांना दिला नाही. देण्यात अर्थ नव्हता. माझं सासर या बाबतीत माहेरच्या बरोबर उलटं होतं.

सासऱ्यांना सगळी गल्ली नाना म्हणते. नाना भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. म्हणजे शेतांची मोजणी करायची, हद्दीवर दगड रोवायचे, भांडणाऱ्या भावांना तुझं इथपर्यंत आणि तुझं इथून पुढं असं सांगायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. ते ‘सरकार’ असा शब्दही वापरत नसत. ‘शासन’ म्हणत. सरकार म्हटलं की त्यांना अरेतुरे केल्यासारखं वाटायचं. आमच्याकडे नळाला पाणी यायचा दिवस आणि वेळ चौकातल्या फळ्यावर लिहिलेली असे. नाना त्या वेळेला बादली घेऊन नळापाशी उभे राहत. पाणी दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला आलं की म्हणत, “वेळ बरोबर आहे. दिवस तेवढा चुकला.”

नोटीस आली त्या संध्याकाळी गल्लीतली माणसं शेजारच्या भाऊंकडे जमली. या भाऊंचं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळ्यापासून सिमेंटपर्यंत सगळं विकतात, त्यामुळे गल्लीत काही पडलं तरी आणि काही उभं राहिलं तरी त्यांचं बरं चालतं. नाना गेले, पण उंबऱ्याशीच बसले. मी चहाचे कप न्यायला म्हणून तिथं होते.

भाऊ म्हणाले, “नाना, नोटीस काढणं त्यांचं काम. ती ठेवून घेणं आपलं काम. दोघांनी आपापलं काम केलं. विषय संपला.”

“तीस दिवस लिहिलेत,” नाना म्हणाले.

“ते सगळ्यांनाच लिहितात.”

“सगळ्यांनाच लिहिलंय म्हणजे सगळ्यांनीच करायचं, ना?”

यावर सगळे हसले. त्यांना वाटलं नाना गंमत करताहेत. नाना गंमत करत नव्हते. त्यांनी चहा संपवला, कप पालथा घातला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रंकेतून आपला टेप काढला. मला एक टोक धरायला लावलं आणि रस्त्याच्या मध्यापासून घरापर्यंत सगळं पुन्हा मोजलं. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, निदान पालिकेच्या माणसांची चूक तरी सापडेल. चूक सापडलीही. त्या माणसानं टेप तिरपा धरला होता. रेघ बारा फुटांवर होती, ती खरं तर साडेबारावर हवी होती.

“म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे अर्धा फूट आपल्याकडे जास्त राहिलाय,” नाना म्हणाले. त्यांनी भाऊंच्या दुकानातून लाल रंगाची लहान डबी आणली आणि जुन्या रेघेच्या आत अर्ध्या फुटावर दोन्ही भिंतींवर नवी रेघ ओढली. ही रेघ सरळ होती. ओघळ नव्हते. पालिकेच्या रेघेवर त्यांनी बारीक फुल्या मारल्या, म्हणजे येणाऱ्याचा गोंधळ होऊ नये.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून हे बघत होत्या. मी त्यांना आई म्हणते. आई अहिराणीतच बोलतात. नानांच्या नोकरीमुळे अर्धा जिल्हा फिरल्या, पण भाषा बदलली नाही. त्या म्हणाल्या, “बठ्ठा गाव सोडीसन त्यास्ले आपलंच घर दिखनं. आनि तुम्हले त्याबी पुढे दिखनं.” सगळं गाव सोडून पालिकेला आपलंच घर दिसलं आणि नानांना त्याच्याही पुढचं, एवढं सुनावून त्या आत गेल्या. त्या दिवशी नानांचं ताट त्यांनी वाढलं नाही. मी वाढायला गेले तर म्हणाल्या, “राहू दे. आज त्यास्नं सरकार त्यास्ले वाढी.”

नवऱ्यानं रविवारी बापाशी बोलायचा प्रयत्न केला. त्याचं म्हणणं सोपं होतं. थांबू या. बाकीचे दहा तोडतील तेव्हा आपण तोडू. नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मी लोकांच्या शेतात दगड रोवले. कुणाचा बांध गेला, कुणाचं झाड गेलं. त्यांनी माझं ऐकलं. मी कुणाला म्हटलं का, शेजाऱ्याचं बघून ठरव?”

“पण नाना, हे घर आहे.”

“त्यांचंही शेतच होतं.”

सत्ताविसाव्या दिवशी मिस्त्री आला. त्याच्याबरोबर दोन गडी. मिस्त्रीनं मला बाजूला घेऊन विचारलं, “ताई, नक्की तोडायचंय ना? नाही, गल्लीत कुणाचंच काम निघालेलं नाही, म्हणून विचारलं.” मी नानांकडे बोट दाखवलं. नानांनी त्याला नोटीस वाचून दाखवली. मिस्त्रीनं आयुष्यात पुष्कळ भिंती पाडल्या असतील, पण नोटीस ऐकून पाडायची ही त्याची पहिलीच वेळ असावी. त्यानं टोपी काढून ऐकली.

आधी ओटा गेला. त्या ओट्यावर आई उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घालायच्या. गल्लीतल्या बायका दुपारी तिथंच बसत. मला पहिल्या वर्षी या गावातली माणसं जी काही कळली, ती त्या ओट्यावर बसून. मग खिडकी काढली. मग भिंत. आई आत देवापाशी बसून होत्या आणि प्रत्येक घावाबरोबर त्यांची मान किंचित हलत होती. दुपारपर्यंत मधल्या दारातून आमची झोपायची खोली गल्लीतून दिसायला लागली. कपाट, पलंग, भिंतीवरचा माझ्या लग्नातला फोटो, सगळं. मी घाईघाईनं एक जुनी साडी आडवी बांधली. येणारे-जाणारे थांबून बघत. भाऊ मात्र येऊन गेले. म्हणाले, “सूनबाई, विटा चांगल्या निघाल्यात. काही उरल्या तर सांगा.”

तिसावा दिवस उजाडला. नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मोकळ्या झालेल्या जागेत खुर्ची टाकली आणि पालिकेच्या माणसांची वाट पाहत बसले. हातात नोटीस, टेप आणि कामाची पावती. दुपारी मी ताट तिथंच नेऊन दिलं. पाच वाजता, कचेरी सुटायच्या वेळेला, ते उठले. म्हणाले, “कामाचा लोड असेल. उद्या येतील.”

उद्या कुणी आलं नाही. परवाही नाही. आठवड्यानं नाना स्वतःच कचेरीत गेले. मी बरोबर गेले, कारण आईंनी सांगितलं, “सोबत जाय. नही तं तठे आखो काही दी येतीन.” म्हणजे एकटे सोडले तर आणखी काही तरी देऊन येतील.

नानांनी अर्ज लिहून नेला होता. आपल्या नोटिशीनुसार बाधित भाग मुदतीत काढून घेतला आहे, तरी पाहणी होऊन तसा दाखला मिळावा. टेबलावरच्या साहेबांनी अर्ज वाचला. पुन्हा वाचला. मग चष्मा वर करून नानांकडे पाहिलं.

“तोडलं?”

“हो.”

“कुणी सांगितलं?”

“तुम्ही,” नाना म्हणाले आणि नोटीस पुढे ठेवली.

साहेबांनी नोटीस उलटीसुलटी करून पाहिली. सही त्यांचीच होती. “हे बरोबर आहे,” ते म्हणाले, “पण बाबा, ही पहिली नोटीस आहे. पहिलीला कुणी तोडतं का? मग दुसरी जाते, मग सुनावणी असते, लोक कोर्टात जातात, स्टे आणतात. अशी एक पद्धत असते.”

“मला स्टे नको होता,” नाना म्हणाले.

“तेच तर. आता तुमची फाईल कुठं ठेवू? आमच्याकडे न तोडणाऱ्यांच्या फायलींना जागा आहे.” हे ते चेष्टेनं बोलत नव्हते. खरोखरच अडचणीत आल्यासारखे दिसत होते. शेवटी त्यांनी अर्जावर आवक नंबर टाकला, शिक्का मारला आणि पोच दिली. नाना ती पोच घडी करून खिशात घालताना फार समाधानी दिसले. मोबदल्याचं मीच विचारलं. साहेब म्हणाले, तोडण्याआधी पंचनामा झाला असता तर काही करता आलं असतं. आता काय होतं तिथं, हे कोण सांगणार? मी म्हटलं, आम्ही सांगतो. ते म्हणाले, तुम्ही तर घरचेच.

पुढची चारपाच वर्षं आमचं घर गल्लीत मागं सरकून उभं होतं. बाकी दहा घरं एका रांगेत, आणि मधे आमचा खड्डा. उरलेला दीड फुटाचा पट्टा ना खोली, ना ओटा. तिथं चपला ठेवायचो. मोकळ्या जागेत आधी भाऊंची मोटारसायकल उभी राहायला लागली, मग भाऊंचा टेम्पो. लॉकडाऊनमध्ये तिथं एक भाजीवाला हातगाडी लावायचा. कुणाच्या घरी लग्न असलं की आचारी तिथं चूल मांडायचे. आई भांडायला निघाल्या की नाना म्हणत, “ती जागा रस्त्याची आहे. रस्ता सगळ्यांचा.” याच काळात भाऊंनी आपल्या बाधित भागावर वर एक मजला चढवला. लाल रेघ त्यांच्या भिंतीवर अजून होती, म्हणून मजल्याला रंग देताना त्यांनी सगळ्याच घराला लाल रंग दिला.

घरपट्टी मात्र आम्हाला जुन्याच मापाची येत राहिली. म्हणजे खोली रस्त्याला दिली होती आणि कर आम्ही भरत होतो. नाना दर वर्षी वेळेत भरत, आणि दर वर्षी माप दुरुस्त करण्याचा एक अर्ज जोडत.

मग एके सकाळी पेपरात बातमी आली की गावचा आराखडा बदलला. मोठा रस्ता आता नदीच्या अंगानं, बाहेरून जाणार. आमच्या गल्लीचा रस्ता होता तेवढाच राहणार. बातमी नवऱ्यानं वाचली आणि पेपर नानांच्या पुढ्यात ठेवून तो बस गाठायला निघून गेला. नानांनी ती बराच वेळ वाचली. एवढ्या लहान बातमीत वाचायला तेवढं काही नव्हतं.

आई म्हणाल्या, “आते बांधा मनी खोली.” मनी म्हणजे माझी.

“परवानगी घ्यावी लागेल,” नाना म्हणाले.

पुन्हा मी आणि नाना कचेरीत. साहेब बदलले होते. नव्या साहेबांनी फाईल मागवली, आणि आश्चर्य म्हणजे ती सापडली. नाना माझ्याकडे बघून किंचित हसले. सापडली नसती तर बरं झालं असतं, हे पाचच मिनिटांत कळलं. साहेब म्हणाले, “तुमचं साडेबारा फूट क्षेत्र तुम्ही स्वखुशीनं पालिकेकडे सोडून दिलंय. हा तुमचाच अर्ज. आता ती पालिकेची जागा. परत हवी असेल तर प्रस्ताव करावा लागेल, तो सभेपुढे जाईल, तिथून वर जाईल.”

“आणि बाकीच्यांचं?” मी विचारलं. “त्यांनी तोडलंच नाही, त्यांचं काय?”

“त्यांनी सोडलं नाही, म्हणजे त्यांचं त्यांच्याकडेच आहे.”

“आणि वरचा मजला?”

“त्याचं नियमित करून घेता येतं. तशी तरतूद आहे.” मग त्यांना काही तरी आठवलं. “बाय द वे, रेघ बारावर होती. तुम्ही साडेबारा कसे सोडले?”

नाना म्हणाले, “तुमच्या माणसानं टेप तिरपा धरला होता.”

साहेबांनी नानांना उठून नमस्कार केला. हा आदर होता की आणखी काही, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

बाहेर आवारात कडुलिंबाखाली एक बाक होता. नाना तिथं बसले. मी पाण्याची बाटली दिली. माझ्या मनात पाच वर्षांचं साचलं होतं, ते मी विचारूनच टाकलं. “नाना, तुम्ही सरकारी नोकरीतलेच. आत काय चालतं हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत. तरी तुम्ही विश्वास कसा ठेवला?”

नानांनी मग जे सांगितलं, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. आईंनाही नाही.

नोकरीला लागून त्यांना दोनेक वर्षं झाली होती. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात मोजणी होती. एक विधवा बाई आणि तिचा दीर यांच्यात बांधाचा वाद. विहीर नेमकी बांधाजवळ. नानांनी साखळी टाकली, नकाशा बघितला, दगड रोवला. विहीर दिराकडे गेली. गाव जमलं होतं. सगळ्यांना वाटलं, आता बाई आरडाओरडा करणार, फेरमोजणी मागणार. ती पुढे आली आणि नानांना एवढंच विचारलं, “दादा, बराबर शे ना?”

नाना म्हणाले, “बरोबर आहे, अक्का.”

“मंग शे,” ती म्हणाली. दिरानं विचारलं, अर्ज नाही करणार? ती म्हणाली, “सरकारना माणूस खोटं कसाले बोली?” दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः माणसं लावून बांध सरकवला.

“दीड वर्षानं मला दुसऱ्या कामात कळलं,” नाना म्हणाले, “मला दिलेला नकाशाच चुकीचा उतरवलेला होता. विहीर तिची होती. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, तिची तक्रार आहे का? नाही ना? मग झोपलेलं कशाला उठवता? मी टिपण लिहून फायलीत लावलं. पुढं बदली झाली.”

“तुम्ही तिला जाऊन सांगितलं नाहीत?”

“नाही,” ते समोरच्या सायकलींकडे बघत म्हणाले. “तिनं भांडण केलं असतं, तर चूक तेव्हाच सापडली असती. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, म्हणून सापडली नाही.”

बाटली उघडून ते घोटभर पाणी प्यायले.

“माझ्या एका शब्दावर तिनं विहीर सोडली. मग माझ्या घरात कागद आला, त्यावर सही-शिक्का होता. मी कोणत्या तोंडानं म्हणू की हा खोटा असेल?”

खरं सांगायचं तर मला रागच आला. इतकी वर्षं मला वाटत होतं की नाना भोळे आहेत, आणि भोळ्या माणसावर चिडता येत नाही. आता कळलं की त्यांनी हे सगळं समजून केलं होतं. मी म्हटलं, “नाना, विहीर तुम्ही त्या बाईची घालवलीत. खोली मात्र आईंची तोडलीत. त्यांना कुठं विचारलंत?”

एवढं स्पष्ट मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. “हो,” ते म्हणाले. “ते चुकलं.”

घरी गेल्यावर ते आईंशी काय बोलले, मला माहीत नाही. दार लोटलेलं होतं. पण पंधरा दिवसांनी नाना चार दिवसांसाठी जळगावला मुलीकडे गेले, आणि जाताना आईंना विचारून गेले की सिमेंटच्या गोण्या ठेवायला जागा आहे का. अर्थात ते नंतर म्हणाले, की आपण सहज विचारलं होतं.

आईंनी त्याच मिस्त्रीला बोलावलं. खोलीचं पुढं बघू म्हणाल्या, आधी ओटा. भाऊंचा टेम्पो हलवायला त्या स्वतः गेल्या. भाऊ म्हणाले, “पण वहिनी, ती जागा तर रस्त्याची ना? नानाच म्हणतात.” आई म्हणाल्या, “नाना जळगावले गयात. त्यास्ना रस्ता बी संगे गया.” टेम्पो हलला. तीन दिवसांत पाच फुटांचा ओटा उभा राहिला, वर कडाप्पा.

चौथ्या दिवशी नाना परत आले. ओट्याच्या बाजूनं चालत जाऊन त्यांनी तो पाहिला. काम चांगलं झालंय म्हणाले. मग आत जाऊन चष्मा लावला आणि अर्ज लिहायला बसले. माझ्या अनुपस्थितीत माझ्या पत्नीने पालिकेच्या जागेत विनापरवाना पाच फूट रुंदीचा ओटा बांधला आहे, तरी पाहणी करून योग्य ती कारवाई व्हावी. नवऱ्यानं डोक्याला हात लावला. आईंना मी तो वाचून दाखवला. मला वाटलं, आता पुन्हा ताट बंद. पण त्या शांत होत्या. “दी या,” त्या म्हणाल्या. “येऊ द्या त्यास्ले. मी चहा पाजसू.”

अर्जाला आवक नंबर मिळाला. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. कारवाई झालेली नाही. माझ्या माहितीप्रमाणे कचेरीच्या दिरंगाईचा आमच्या घराला मिळालेला हा पहिलाच फायदा.

सुरुवातीला नाना ओट्यावर बसत नसत. उंबऱ्यावर उभे राहून गप्पा मारत. मग गुडघे दुखायला लागले आणि बसायला लागले. मात्र कुणी शेजारी येऊन बसलं की आधी सांगतात, “बस. पण हे बांधकाम अनधिकृत आहे बरं.” नवा माणूस अर्धवट उठतो. जुनी माणसं म्हणतात, “हो नाना,” आणि बसतात.

परवा एक बाई घरोघरी कसलासा सर्व्हे करत आल्या. हातात फॉर्मचा गठ्ठा. घरात माणसं किती, खोल्या किती, छत कसलं. मी सांगत होते, त्या खुणा करत होत्या. नाना मधेच म्हणाले, “मॅडम, आपण बसलाय तो ओटा अनधिकृत आहे. त्याची नोंद घ्या.”

त्यांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला. “त्याचा रकाना नाही, बाबा.”

“शेरा लिहायला जागा असेल.”

जागा होती. त्यांनी काही तरी लिहिलं. नाना म्हणाले, वाचून दाखवा. त्या जरा संकोचल्या आणि मग वाचलं, “कुटुंब सहकार्य करते.”

नाना विचार करत राहिले. मग म्हणाले, “ठीक आहे, चुकीचं नाही.” आणि सही करायला पेन मागितलं.